उडवीवरची हाक

लोणावळ्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमागं पूर्वी राखेचं एक मैदान होतं. इंजिनांच्या भट्टीतली राख पसरून, धुम्मसानं ठोकून ते सपाट केलेलं. दोन टोकांना जुन्या रुळांचे खांब, खांबाला फळी आणि फळीला शेडमध्ये ठोकून काढलेली लोखंडी कडी. साहेब लोक त्या खेळाला बास्केटबॉल म्हणायचे. गावातली माणसं टोपली म्हणायची. "आज टोपली हाय का?" असं विचारायचं, असेल तर हातातलं काम टाकायचं आणि मैदानाच्या कडेच्या दगडी भिंतीवर जाऊन बसायचं. त्या भिंतीवरच्या कुणालाही विचारा, शेवटचा चेंडू कुणाच्या हातात द्यावा, तर एकच नाव यायचं. कुरवंड्याचा शिदू.

शिदूला घाम फुटत नाही, असं लोक सांगायचे. लोकांचं काय जातं बोलायला. भिंतीवरनं घाम दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेवटच्या मिनिटाला त्याचं काय होत होतं, ते त्याला माहीत आणि त्याच्या आईला माहीत. म्हणून ही हकिकत मैदानापासून सांगून चालायची नाही. ती खळ्यापासून सांगायला पाहिजे.

शिदूचं घर कुरवंड्याच्या वाडीवर, नागफणीच्या अलीकडं. बाप लहानपणीच गेलेला. आई चिमाबाई, थोरला भाऊ येसू, येसूची बायको सावित्रा आणि शिदू, एवढी माणसं आणि भाताची दोन खाचरं. कार्तिकात भात कापलं की पेंढ्या बांधून खळ्यावर आणायच्या आणि झोडणीची पाळी येईपर्यंत गोल रचून ठेवायच्या. त्या रचलेल्या ढिगाला उडवी म्हणतात. एक जण उडवीवर उभा राहून पेंढ्या बसवतो, दुसरा खालनं एकेक वर टाकतो. वरच्याला दर पेंढीला पाठ फिरवावी लागते, वाकून गुडघ्यानं ती दाबून बसवावी लागते. म्हणून वरच्यानं "टाक" म्हटल्याशिवाय खालच्यानं हात उचलायचा नाही. मावळात हे कुणी कुणाला शिकवत नाही. भाताची कुसळं नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून वरच्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं, त्यामुळं हाक नाकातून आणि लांबवून येते. "टाऽक."

शिदूची टाकण्याची तऱ्हा गावात नावाजलेली होती. दोन्ही हातांनी पेंढी धरायची, गुडघ्याच्या खालनं एक झोका द्यायचा आणि सोडायची. येसूच्या हातात ती अलगद जाऊन बसायची. येसू तिच्याकडं बघायचासुद्धा नाही, नुसते हात पुढं करायचा. दोघा भावांनी एका दिवसात उडवी उभी केली की बाकीचे बघत राहायचे.

सन चोवीसच्या कार्तिकात शिदू एकोणीस वर्षांचा होता. उडवी दोन पुरुष उंच झाली होती. सावित्रा खाचरात पेंढ्या गोळा करत होती, चिमाबाई घरी भाकरी थापत होती. शिदू पेंढी धरून उभा होता, उन्हानं डोळे मिटल्यासारखे झालेले. कानावर हाक आली. त्यानं पेंढी सोडली. येसू पाठमोरा होता. पेंढी त्याच्या मानेत बसली, पाय सुटला आणि तो खळ्याच्या कडेच्या दगडावर पडला. दिवस मावळेपर्यंत जीव होता. बोलला काही नाही.

"त्यानं टाक म्हनलं व्हतं, आये," शिदू म्हणाला.

चिमाबाईनं एकच विचारलं. "पाठ करून हुबा ऱ्हायलेला मानूस टाक म्हनंल का रं?"

  पण हाक त्यानं ऐकली होती. त्याच्या दोन्ही कानांनी ऐकली होती. पंचनाम्यात पाय घसरून पडला असं लिहिलं गेलं आणि सरकारचं समाधान झालं. चिमाबाईचं झालं नाही. त्या दिवसापासून ती शिदूशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. ताट वाढायची, पण सावित्राकडं बघून सांगायची, "त्याला म्हनावं जेव." घोंगडी काढून ठेवायची आणि म्हणायची, "त्याला म्हनावं थंडी हाय." बघणाऱ्याला साधं वाटेल. तीन वर्षं असं जेवून बघा, म्हणजे कळेल.

शेजारचं खळं दत्तोबा पाटलांचं होतं. मधे नुसतं करवंदीचं कुंपण. त्यांचा गेणू शिदूच्याच वयाचा. त्या दिवशी त्यांचीही उडवी चालली होती, आणि येसू पडला तेव्हा सगळ्यांत आधी कुंपण तुडवून धावत आला तो गेणू. येसूला घरापर्यंत आणताना एक अंग त्यानंच धरलं होतं. पुढं महिन्याभरातच तो खंडाळ्याला एका हॉटेलात कामाला लागला. घरचं एवढं भात सोडून हा कपबश्या विसळायला कशाला गेला, असं गाव चार दिवस बोललं आणि गप्प बसलं.

शिदूही गावात राहिला नाही म्हटलं तरी चालेल. लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये तो कोळसा खलाशी म्हणून लागला. घाट चढायला गाडीला मागनं जोडायची इंजिनं तिथं उभी असायची, त्यांच्यात कोळसा भरायचा. शेडचा फोरमन अँग्लो-इंडियन होता, ढेरपोट्या आणि खेळाचा वेडा. एकदा त्यानं बघितलं की शिदू इंजिन पुसलेल्या चिंध्यांचे बोळे दहा हातांवरच्या पिंपात टाकतोय, आणि एकही बाहेर पडत नाही. संध्याकाळी साहेबानं त्याला मैदानावर नेलं आणि हातात चेंडू दिला. शिदूनं तो दोन्ही हातांनी धरला, गुडघ्याखालनं झोका दिला आणि सोडला. चेंडू उंच गेला आणि कडीतनं सरळ खाली आला. भिंतीवरची माणसं हसली, कारण बायका सुपानं पाखडताना वाकतात तसा तो वाकला होता. साहेब हसला नाही. त्यानं चेंडू परत आणून दिला आणि म्हणाला, "और एक."

अशी शिदूची टोपली सुरू झाली. अनवाणी खेळायचा, साहेबानं दिलेली अर्धी चड्डी आणि घरचीच बंडी. लोणावळ्याचा संघ म्हणजे शेडचे खलाशी, एक सिग्नलवाला आणि मालधक्क्यावरचा कारकून महिपती. महिपती शहरात शिकलेला, केसांना तेल लावून भांग पाडणारा, आणि शेवटचा चेंडू आपल्यालाच मिळावा अशी त्याची फार इच्छा. खंडाळ्याचा संघ म्हणजे बंगल्यांवरचे माळी, मोटारड्रायव्हर आणि हॉटेलातली माणसं. दोन गावांमधे अंतर ते केवढं, पण टोपलीचा सामना असला की एकमेकांच्या हातचं पाणी प्यायची नाहीत.

सत्तावीस साली पहिला मोठा सामना झाला. खंडाळा चौदा, लोणावळा तेरा. घड्याळ धरलेल्या गार्डानं शिटी तोंडाशी नेली होती. चेंडू शिदूकडं आला. समोर हात पसरून खंडाळ्याचा गडी उभा, आणि तो गडी म्हणजे गेणू. तीन वर्षांनी दोघं समोरासमोर आले ते असे. भिंतीवरची सगळी माणसं ओरडत होती, पण शिदूला त्यातलं काही ऐकू येईना. अंग गार पडलं. आणि कडीच्या वरनं, जिथं कुणीही नव्हतं तिथनं, हाक आली.

"टाऽक."

त्यानं टाकली. चेंडू कडीत पडला आणि शिटी वाजली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो मान वर करून कडीच्या वर बघत होता. वर आभाळ होतं आणि लांब नागफणीचं टोक. त्याला इतकी भीती वाटली की तो रात्रपाळी असल्याचं खोटंच सांगून तिथनं निघाला आणि दीड कोस जवळजवळ पळत घरी गेला.

चिमाबाई चुलीपुढं होती. शिदू दारात उभा राहिला आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "आज येसूनं हाक दिली."

सावित्राच्या हातातलं भांडं खाली पडलं. चिमाबाईनं मान वळवली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडं बघून विचारलं, "काय म्हनाला?"

"टाक म्हनाला."

"मंग?"

"टाकली."

"पडली का?"

"पडली."

म्हातारीनं चुलीतला जाळ पुढं सारला. मग म्हणाली, "म्हंजे राग न्हाई त्याचा तुज्यावर. जेव."

जेव, म्हणाली. त्याला म्हनावं जेव, असं नाही. शिदू भाकरीचा पहिला घास तोंडात घेऊन रडला, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. चिमाबाईनं त्याला क्षमा केली होती, पण त्याचं म्हणणं खरं मानलं नव्हतं. त्या दिवशी येसूनं हाक दिली नव्हती, शिदूनं न बोलावता पेंढी टाकली, हे तिच्या मनात पक्कं होतं. येसू आता बोलतो तो धाकट्याला माफ केलं म्हणून, असा तिचा हिशेब. शिदूला हे बोचायचं. त्याला माफी नको होती. आपण हाक ऐकली होती, हे एकदा कुणीतरी म्हणावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. म्हणणार कोण? ऐकणारा दुसरा कुणी नव्हता.

त्यानंतर चिमाबाई दर सामन्याला कुरवंड्याहून चालत यायला लागली. डोक्यावर करवंदांची पाटी किंवा गवताचा भारा असेल तो बाजारात विकायचा आणि भिंतीवर टोकाला जाऊन बसायचं. खेळ तिला ओ की ठो कळत नव्हता. ती बसायची येसूसाठी. सामना संपला की शिदूला जवळ बोलवायची आणि हळूच विचारायची, "आला व्हता का?" शिदू मान हलवायचा. मग ती समाधानानं पदर सावरून वाटेला लागायची.

आणि येसू यायचा. दर वेळी नाही. सामना आठ-दहा गुणांनी चाललेला असला तर कान रिकामे राहायचे. अगदी शेवटाला, एका चेंडूवर सगळं आलं आणि चेंडू शिदूच्या हातात असला, तरच कडीच्या वरनं हाक यायची. हळूहळू शिदूची भीती गेली आणि त्याच्या जागी ओढ आली, आणि ही ओढ भीतीपेक्षा वाईट. तो मधल्या वेळातले सोपे चेंडू मुद्दाम घालवायला लागला. लोणावळा पुढं चाललं की ह्याचा हात ढिला पडायचा. सामना बरोबरीला आला की डोळ्यांत तेज यायचं.

महिपतीच्या हे लक्षात आलं. जळणाऱ्या माणसाची नजर बारीक असते. त्यानं शिदूला पाण्याच्या हौदापाशी गाठलं.

"तू मुद्दाम चुकतोस."

"व्हय," शिदू म्हणाला.

"अरे, का पण? वेड लागलंय का तुला?"

"शेवट आल्याबिगर माजा भाऊ येत न्हाई."

 त्यानंतर महिपती शेवटचा चेंडू निमूटपणे शिदूकडंच द्यायला लागला. त्याला आता तो शेवटचा चेंडू नकोसा झाला होता.

एक बारीकशी गोष्ट शिदूला कधीमधी खटकायची. जिवंतपणी येसू "टाक" म्हणायचा तो सरळ. कडीवरनं यायची त्या हाकेत शेवटी एक हेल होता, आवाज जरा वर चढायचा. मेल्यावर माणसाचा आवाज थोडा बदलत असेल, अशी शिदूनं मनाची समजूत घातली. दुसरं काय करणार तो.

खंडाळ्याशी वर्षाला चार-पाच सामने व्हायचे आणि दर सामन्याला शिदूवर गेणू असायचा. लांब हातांचा, चिवट, सावलीसारखा मागं लागणारा. पाच-सहा वर्षांत शिदूला खरंच अडवलं असेल तर ह्या एकट्यानं. लोक सामना बघायला यायचे ते ह्या दोघांसाठी. पण गेणूची वागणूक वेगळीच होती. तो शिदूच्या हाताकडं बघायचा, पायांकडं बघायचा, डोळ्याला डोळा कधी द्यायचा नाही. आणि खेळताना तो "दे" म्हणायचा, "सोड" म्हणायचा, "फेक" म्हणायचा, पण मावळातलं पोर जो शब्द सहज बोलतं तो त्याच्या तोंडून कधी यायचा नाही. खंडाळ्याची पोरं त्याची थट्टा करायची, की हॉटेलात राहून ह्याची जीभ साहेबी झाली, ह्याला टाक म्हणता येत नाही.

एकतीस साली एकदा शेवटचा चेंडू होता, शिदू नेहमीसारखा थांबला होता. गेणू त्याच्या छातीला छाती लावून उभा होता. दबक्या आवाजात त्यानं विचारलं, "टाकत... फेकत का न्हाईस? कुनाची वाट बगतोयस?"

"येसूची," शिदू म्हणाला.

गेणूचे पसरलेले हात खाली आले. हाक आली, चेंडू गेला, लोणावळा जिंकलं. खंडाळ्याच्या माणसांनी गेणूला दम भरला, भित्रा म्हटलं, महिनाभर संघातनं काढलं. 

पुढं विजेची इंजिनं घाटात रुळली, कोळशाची कामं कमी झाली, शिदू शेडमध्ये झाडलोटीला लागला. चिमाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोती पडला. ती आता सावित्राचा हात धरून यायची आणि सामना कानांनीच बघायची. पस्तीसच्या डिसेंबरात फोरमननं ठरवलं की कल्याणच्या संघाशी घाटावरच्या सगळ्या गावांचा मिळून एक संघ खेळवायचा. चांदीची ढाल लावलेली होती. संघात शिदूचं नाव आलं तसं गेणूचंही आलं. आठ वर्षं एकमेकांविरुद्ध खेळलेली माणसं त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूनं उभी राहिली. मैदानात उतरताना गेणूनं हात पुढं केला. त्याचा हात थंड होता.

भिंतीवर पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांवर माणसं, मालगाडीच्या डब्यांवर माणसं. कल्याणची पोरं तयारीची होती. शेवटाला आलं तेव्हा कल्याण एकवीस, घाट वीस. महिपतीनं चेंडू हिसकावला आणि शिदूकडं दिला. गार्डाच्या घड्याळात पंधरा सेकंद राहिले होते. शिदूची ख्याती कल्याणपर्यंत गेलेली, त्यामुळं चौघे गडी धावून त्याच्या अंगावर आले. कडीखाली गेणू एकटा मोकळा राहिला. शिदूनं चेंडू गुडघ्याखाली नेला आणि तो थांबला. कान रिकामे झाले. अंग गार पडलं.

हाक आली. शेवटाला हेल असलेली, तीच.

"टाऽक."

पण ह्या वेळी ती कडीच्या वरनं आली नाही. कडीच्या खालनं आली. शिदूनं डोळ्यांनी बघितलं, गेणूचं तोंड उघडं होतं, हात उंच केलेले होते, आणि हाक त्याच्या तोंडातनं निघाली होती. चेंडू मागताना खेळाच्या भरात अकरा वर्षं आवरून धरलेला शब्द त्याच्या जिभेवरनं सुटला होता.

शिदूच्या हातात चेंडू तसाच राहिला. शिटी वाजली. कल्याणवाले नाचायला लागले. भिंतीवरनं इतक्या शिव्या निघाल्या की विचारू नका. शिदूला त्यातली एकही लागली नाही. तो चेंडू घेऊन सरळ गेणूपाशी गेला. गेणूनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

"खळ्यावर तूच व्हतास," शिदू म्हणाला.

गेणूनं हात काढले. "आमच्या उडवीवर मी व्हतो. खालनं आमचा गडी हौशीराम पेंढ्या देत व्हता. त्याला म्हनलं म्या. तोंडाला फडकं व्हतं."

"आन येसू?"

"तो पाठमोरा व्हता. पेंढी बसवत व्हता. त्यानं काय बी म्हनलं न्हाई."

"तुला तवाच कळलं?"

"तवाच. तुजा हात उचललेला दिसला मला कुंपनावरनं. वरडायच्या आत सुटली व्हती." गेणूनं मनगटानं तोंड पुसलं. "माजे आबा म्हनले, गप ऱ्हा. सांगीन सांगीन म्हनून वर्सं गेली. मंग तू म्हनलास येसूची वाट बगतोय. आन मावशी हितं भित्तीवर बसून हसायची. कसं सांगू?"

शिदू उभ्या जागी राखेत बसला. अकरा वर्षं तो जे सांगत होता ते खरं होतं. हाक झाली होती. त्यानं न बोलावता पेंढी टाकली नव्हती. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं त्याला झालं. आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. कडीवरनं इतकी वर्षं जी हाक येत होती ती गेणूची होती, त्या दिवशीची, शिदूच्याच कानात अडकून बसलेली. येसू एकदाही आला नव्हता. एकाही सामन्याला आला नव्हता. ज्याच्यासाठी त्यानं सोपे चेंडू घालवले, तो त्या दिवशी मावळतीलाच गेला होता. शिदूला हमसून हमसून रडू आलं. लोकांना वाटलं, ढाल गेली म्हणून रडतो.

तो उठला तो आईकडं जायला. तिला सांगायचं होतं. पाठमोरा माणूस टाक म्हणेल का, ह्या तिच्या प्रश्नाचं उत्तर आज त्याच्या हातात होतं, आणि साक्षीदार शेजारी चालत होता. गेणूही म्हणाला, "मी सांगतो मावशीला. माज्या तोंडानं सांगतो."

चिमाबाई भिंतीच्या टोकाला सावित्राला धरून उभी होती. पावलं ओळखून तिनं हात पुढं केले. तिचं सगळं तोंड हसत होतं.

"शिदू," ती म्हणाली, "आज म्या बी ऐकली रं. ह्या कानांनी ऐकली. येसूची हाक. टाऽक म्हनाला. कसा खणखणीत बोल्ला माजा लेक. ऐकलीस का न्हाई तू?"

सावित्रानं शिदूकडं बघितलं, मग गेणूकडं बघितलं. तिला डोळे होते. कडीखालचं उघडं तोंड तिनं बघितलं होतं. तिनं सासूचा पदर सारखा केला.

गेणू पुढं झाला. "मावशी, ती हाक..."

शिदूनं त्याचं मनगट धरलं आणि इतकं दाबलं की गेणू थांबला. म्हातारीचा हात शिदूच्या गालावर फिरत होता. डोळे गेलेले, एक लेक गेलेला, आणि त्या लेकाचा आवाज आज अकरा वर्षांनी तिला मिळाला होता. तो परत मागून घ्यायचा तर शिदूला आता एकच वाक्य बोलायचं होतं. तेवढं वाक्य बोलला असता तर तो सुटला असता.

"ऐकली, आये," शिदू म्हणाला.

"मंग टाकली का न्हाईस?"

"चुकलं माजं."

"तसाच हायेस तू," चिमाबाई मायेनं म्हणाली. "त्या दिशी त्यानं म्हनलं न्हाई तर टाकलीस. आज म्हनतोय तर टाकंना झालास. जाऊ दे. तो काय रागवायचा न्हाई."

"न्हाई रागवायचा," शिदू म्हणाला.

त्या दिवसानंतर शिदूच्या कानात हाक यायची बंद झाली. शेवटचा चेंडू हातात आला की चहूकडं माणसांचा गलका तेवढा ऐकू यायचा. त्याचे नेम चुकायला लागले. वय झालं, असं लोक म्हणाले. तिशी नुकती उलटली होती. त्यानं खेळ सोडला असता, पण भिंतीवर आई येऊन बसायची आणि कान देऊन वाट बघायची, म्हणून सोडता येईना.

अडतीस सालचा लोणावळा-खंडाळा सामना बघितलेली माणसं अजून त्याबद्दल बोलतात. खंडाळा एका गुणानं पुढं होतं. चेंडू शिदूकडं आला. समोर हात पसरून गेणू, आपल्या खंडाळ्याच्या बाजूनं. शिदू थांबला. काही आलं नाही. आईचं तोंड भिंतीवरनं त्याच्याकडं वळलेलं त्याला दिसत होतं. तेवढ्यात गेणूनं, विरुद्ध बाजूच्या गड्यानं, पसरलेले हात तसेच ठेवून, मान वर केली आणि नाकातून, लांबवून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"टाऽक."

खंडाळ्याची माणसं चवताळली. हा कुणाच्या बाजूनं खेळतोय म्हणून कुणी त्याच्या अंगावर धावलं. शिदूनं दोन्ही हातांनी झोका देऊन चेंडू सोडला. तो उंच गेला, कडीच्या काठावर आदळला, दोनदा घोळला आणि बाहेर पडला. शिटी झाली. खंडाळ्यानं टाळ्या, शिट्ट्या आणि डबे वाजवून मैदान डोक्यावर घेतलं.

दोघं चालत भिंतीपाशी गेले. गेणू म्हातारीच्या उजव्या बाजूला उभा राहिला, शिदू डाव्या. चिमाबाई त्या सगळ्या गोंगाटाकडं कान देऊन हसत होती.

"पडली का रं?" तिनं विचारलं.

"पडली, मावशी," गेणू म्हणाला.